‘आज बाहेरून मागवूया का?’: आई-बाबांना राजी करण्याची पद्धत

"आई, आज बाहेरून काहीतरी मागवूया ना!" वाक्य पुरतं संपायच्या आत "नाही" येऊन पोहोचतं. लहानपणी मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन याची गणती नाही, आणि किती वेळा यश आलं ते सांगण्यासारखं नाही. आता घरचा स्वयंपाक मी करतो, माझी दोन मुलं तेच वाक्य मला ऐकवतात आणि माझ्याही तोंडून विचार न करता तेच "नाही" निघून जातं.

दोन्ही बाजूंनी खेळून झाल्यावर एक गोष्ट कळली. आई-बाबांचा राग बाहेरच्या जेवणावर क्वचितच असतो. त्या एका वाक्यातून जी कामं त्यांच्या अंगावर येऊन पडतात, ती त्यांना नको असतात. कुठून मागवायचं, काय, किती, कोणाला काय चालत नाही, एकूण पैसे किती होतील, घरात तयारी झालेली आहे तिचं काय, हे सगळे प्रश्न तुम्ही चार शब्दांत त्यांच्याकडे ढकलून मोकळे होता. "नाही" म्हटलं की ते सगळे एका फटक्यात मिटतात. म्हणून ती कामं आधी आपण उरकायची आणि मग विचारायचं. कशी, ते आता क्रमाने बघू.

पहिली पायरी: नकार नेमका कशाला आहे ते शोधा

तोंडावर दिलेलं कारण आणि मनातलं कारण एकच असेल असं नाही. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

"घरी सगळं आहे" याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की काहीतरी भिजत घातलंय, चिरून ठेवलंय किंवा आज संपवलं नाही तर उद्या टाकावं लागेल. इथे तुम्ही चविष्ट काय काय मिळतं याचं वर्णन करत बसलात तर उपयोग शून्य. वाया जाणाऱ्या वस्तूचं उत्तर द्यावं लागतं: ती उद्या कशात वापरता येईल, आत्ता फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का, की आज तीच खाऊन उद्याचा बेत ठरवायचा.

"पैसे काय झाडाला लागतात?" यात कधी खरोखर पैशांचा प्रश्न असतो, तर कधी ‘एवढ्याशा गोष्टीला एवढे?’ असा असतो. दोन्हींत फरक आहे. पैशांची खरी ओढाताण असेल तर हा लेख इथेच मिटवा आणि महिनाभर विषय काढू नका. ‘एवढ्याशा गोष्टीला एवढे’ असेल तर हिशोब मांडून बोलता येतं. त्याकडे पुढे येतोच.

"बाहेरचं बरं नसतं" यामागे पुष्कळदा एखादा जुना प्रसंग असतो. कोणाचं तरी पोट बिघडलेलं असतं, कधीतरी डब्यात नको ते सापडलेलं असतं. तो प्रसंग कोणता, हे सरळ विचारा. ‘बाहेरचं’ या शब्दाशी वाद घालता येत नाही. एका ठिकाणच्या एका पदार्थाबद्दलची तक्रार असेल तर ती टाळता येते.

"एकदा हो म्हटलं की रोजचं होईल." ही भीती खरी आहे, कारण ती तुमच्या पूर्वेतिहासावर आधारलेली असते.

आणि एक कारण कोणीच बोलून दाखवत नाही. रोज जो रांधतो त्याला "बाहेरून मागवूया" हे "तुझ्या हातचं नको" असं ऐकू येतं. मी एकदा आईला म्हणालो होतो, "रोज तेच तेच खाऊन कंटाळा आलाय." त्या दिवशी जेवण मागवलं गेलं. मला वाटलं, जिंकलो. आईने दोन घास खाल्ले, आणि पुढचे कितीतरी दिवस पान वाढताना ती विचारायची, "हे चालेल ना, की मागवायचं?" तसं जिंकण्यापेक्षा हरलेलं परवडलं असतं. आता माझ्या हातचं ताट बघून मुलं तोंड वाकडं करतात तेव्हा आईला काय वाटलं असेल ते नीटच कळतं.

तेव्हा ‘कंटाळा’ हा शब्द या विषयातून कायमचा काढून टाका. घरच्या जेवणाची बाहेरच्याशी तुलना तर मुळीच नको, गमतीतही नको.

खरं कारण शोधायची सोपी वाट म्हणजे, तुम्हाला काहीच मागवायचं नसेल अशा दिवशी गप्पांच्या ओघात विचारायचं: "तुला बाहेरून मागवायला का आवडत नाही गं?" मागणी नसली की माणसं खरं बोलतात.

दुसरी पायरी: दिवस आणि वेळ

स्वयंपाकात एक क्षण असा असतो की त्याच्यापुढे गेल्यावर माघार नसते. तो गॅस पेटण्याच्या बराच आधी येतो. सकाळी काही भिजत पडलं, फ्रीजरमधून काही बाहेर निघालं की रात्रीचा बेत ठरला. संध्याकाळी ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याने केलेली निम्मी मेहनत रद्द करायला सांगणं. म्हणून आदल्या दिवशी विचारा. ते जमलं नाही तर सकाळी. अगदीच नाही तर जेवणाच्या तीन-चार तास आधी. त्यापेक्षा उशीर झाला तर आजचा दिवस सोडून द्या.

लवकर ठरण्याचा आणखी एक फायदा आहे. जेवणाच्या ऐन वेळी सगळेच ऑर्डर देतात, त्यामुळे हॉटेलच्या स्वयंपाकघरात रांग लागते, पोचवणारी माणसं कमी पडतात आणि डबा उशिरा, तोही गार होऊन येतो. भुकेलेल्या घरात असा डबा आला की पुढच्या वेळची दारं आपोआप बंद होतात. गर्दीच्या तासभर आधी ऑर्डर गेली तर हा प्रश्न उरत नाही.

दिवस निवडताना आई-बाबांची सोय बघा, आपली हौस नाही. दोघांना कामावरून यायला उशीर होणार आहे, प्रवासातून सगळे थकून आलेत, घरात दुरुस्ती चालू असल्याने स्वयंपाकघर अडलंय, दिवसभर साफसफाई झालीये, अशा दिवशी बाहेरचं जेवण हा लाड राहत नाही, मदत होते. उलट मोठी खरेदी झाल्यावर, महिनाअखेरीस, घरात कोणाची तब्येत बरी नसताना किंवा तुमचा निकाल हातात पडला त्याच संध्याकाळी (निकाल चांगला असला तर गोष्ट वेगळी) तोंड उघडू नका.

आणि स्वतः भुकेले असताना कधीच विचारू नका. भुकेल्या माणसाची विनंती तक्रारीसारखी ऐकू येते.

तिसरी पायरी: कोणाला विचारायचं

ज्याच्या हातात स्वयंपाक आहे त्याला आधी. पैसे कोण देतं हा पुढचा प्रश्न. दुसऱ्याकडून परवानगी काढून "बाबा हो म्हणाले" असं ओट्याशी जाऊन सांगणं हा हमखास फसणारा डाव आहे. त्याने एकाचा निर्णय दुसऱ्यावर लादला जातो आणि मग ते दोघं मिळून तुम्हाला नाही म्हणतात.

भावंडांचं आपापसात आधीच मिटवा. एकाला हे हवं, दुसऱ्याला ते, आणि भांडण आई-बाबांसमोर, हे दिसलं की कोणीही शहाणा माणूस विषय बंद करेल. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना काय चावतं, काय पचतं, मीठ-साखरेचं पथ्य काय आहे, हे विचारून त्यांच्यापुरता वेगळा बेत हातात ठेवा. त्यांना वकील म्हणून मात्र वापरू नका. आजीने शब्द टाकला तर जेवण येईलही, पण आई-बाबांच्या मनात ते तुमच्या खात्यावर उधार लिहिलं जाईल.

चौथी पायरी: कागदावर मांडा

खरोखर कागद घ्या. फोनवर ॲप उघडून "बघ ना, किती छान दिसतंय" म्हणणं म्हणजे पुन्हा निवडीचं काम त्यांच्याकडे ढकलणं. कागदावर एवढंच हवं: कोणासाठी काय, किती, आणि शेवटचा आकडा.

शेवटचा आकडा म्हणजे अगदी शेवटचा. पदार्थांच्या किमतींची बेरीज करून थांबू नका. पॅकिंगचे पैसे, पोचवण्याचे पैसे, ॲपचं शुल्क आणि कर धरून पैसे भरायच्या पानावर जी रक्कम दिसते ती लिहा. मी एकदा नुसती बेरीज सांगून होकार मिळवला होता. प्रत्यक्ष बिल बरंच फुगलं, आणि "तू सांगितलेला आकडा" हा आमच्या घरात बरीच वर्षं चेष्टेचा विषय होता.

तो आकडा खाली आणायच्या दोन-तीन वाटा आहेत. एकाच पदार्थाची किंमत ॲपवर एक आणि त्या हॉटेलात थेट फोन केला तर दुसरी, असं पुष्कळदा असतं, दोन्ही बघा. जवळचं ठिकाण असेल तर स्वतः जाऊन घेऊन या, पोचवण्याचे पैसे वाचतात आणि अन्न गरमही राहतं. "मी जाऊन आणतो" या वाक्याचं वजन सवलतीपेक्षा जास्त असतं. तिसरी वाट म्हणजे सगळं जेवण न मागवता मुख्य पदार्थ तेवढा मागवायचा आणि सोबतचं घरी करायचं. यात बिल निम्म्यावर येऊ शकतं. शिवाय रांधणाऱ्याचा मान राहतो, म्हणून ही वाट मला सगळ्यात आवडते.

सवलतींपासून मात्र सावध राहा. ‘अमुक रकमेच्या वर घेतल्यास इतकी सूट’ हे वाचलं की आपण नको ते दोन पदार्थ वाढवतो. सूट मिळते, पण बिल वाढलेलं असतं. तुमच्या आई-बाबांना हे गणित तुमच्या आधीपासून येतं.

खाऊच्या पैशांतून थोडा वाटा उचलणार असाल तर तोही कागदावर लिहा. वाटा छोटा असला तरी चालतो, पण तो देता आला पाहिजे.

पदार्थ निवडताना तो प्रवासात कसा टिकतो ते बघा. गरम कुरकुरीत पदार्थ बंद डब्यात गेला की त्याची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेच पाणी पुन्हा पदार्थावर पडतं. वीस मिनिटांत कुरकुरीतपणा गेलेला असतो. रसदार, मऊ किंवा मुळात गारच खायचे पदार्थ वाटेत फारसे बिघडत नाहीत. आई-बाबांनी पहिल्याच वेळी लिबलिबीत काहीतरी खाल्लं तर "यापेक्षा घरचं बरं" हे वाक्य येणारच, आणि ते खरंही असेल.

पाचवी पायरी: विचारायचे शब्द

इथे एक प्रयोग सांगतो, कारण तो या पायरीला अगदी चपखल बसतो. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात केलेला हा प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. झेरॉक्स मशीन वापरायला निघालेल्या माणसाला एक जण येऊन विचारायचा, "तुमच्या आधी मी काढू का?" मागणी पाच पानांची असली आणि कारण दिलं नाही तर ६० टक्के लोक हो म्हणाले. "मला घाई आहे" म्हटलं तर ९४ टक्के. गंमत म्हणजे "कारण मला कॉपी काढायच्या आहेत" असलं पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्के!

हा प्रयोग लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. मागणी वीस पानांची केली तेव्हा कारण न देता २४ टक्के लोकांनी जागा दिली, पोकळ कारणालाही २४ टक्केच, आणि खऱ्या कारणाला ४२ टक्के. म्हणजे मागणी मोठी झाली की लोक कारण ऐकून तोलायला लागतात. बाहेरून जेवण मागवणं ही आई-बाबांच्या लेखी वीस पानांची मागणी आहे. "कारण मला खावंसं वाटतंय" हे त्यांच्यापुढे टिकत नाही.

आधी अवाच्या सवा मागायचं आणि मग खाली उतरायचं, ही दुसरी प्रसिद्ध युक्ती. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं होतं की आधी मोठी विनंती नाकारून झाली की नंतरची छोटी विनंती लोक जास्त मान्य करतात. पण तिथे विचारणारे अनोळखी होते. तुम्हाला ही माणसं पाळण्यात असल्यापासून ओळखतात. "शनिवारी सगळ्यांना हॉटेलात नेऊया, नाहीतर मग मागवूया तरी" यातला ‘तरी’ त्यांना लगेच ऐकू येतो.

मग म्हणायचं काय? माझ्या मते असं काहीतरी:

"आई, उद्या तुम्हा दोघांनाही यायला उशीर होणार आहे ना? उद्या रात्री बाहेरून मागवायचं का? मी सगळ्यांना विचारून यादी केलीये. सगळं धरून एवढे होतात, त्यातले एवढे माझे. मी जाऊन घेऊन येईन, नंतरची भांडीही माझ्याकडे. फ्रीजमध्ये जे आहे ते परवा सकाळी संपवू. तुला नको वाटत असेल तर राहू दे."

शेवटचं वाक्य खरं मनापासून म्हणा. नाही म्हणायची मोकळीक दिली की माणूस विचार करायला तयार होतो; कोपऱ्यात गाठलं तर आधी सुटका बघतो. आणि एवढं बोलून झाल्यावर गप्प बसा. मला हे जमायचं नाही. शांतता असह्य होऊन मी पुन्हा पुन्हा मुद्दे मांडत सुटायचो आणि जवळजवळ आलेला होकार हातचा घालवायचो.

आक्षेप आले तर

"सवय लागेल" याला उत्तर आश्वासनाने देऊ नका, मर्यादेने द्या: महिन्यातून एकदा, तारीख तुम्ही ठरवा. ठरलं की कॅलेंडरवर लिहा आणि मधल्या दिवसांत एकदाही विषय काढू नका. ही मर्यादा जो पाळतो त्याला चौथ्या महिन्यात विचारावंही लागत नाही.

"तेल-मीठ किती असतं त्यात!" हे त्यांचं बरोबर आहे, वाद घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि बाहेरच्या एका जेवणात त्यातला मोठा वाटा संपू शकतो. तेव्हा तळलेल्याऐवजी भाजलेलं किंवा वाफवलेलं निवडा, सॉस वेगळ्या डबीत मागा, गोड पेयं यादीतून काढा (घरी पाणी आहे), आणि त्या दिवशीची बाकीची दोन खाणी हलकी ठेवा. कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ॲपवरच्या सूचनेवर विसंबू नका. फोन करून विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर ते ठिकाण सोडा.

"स्वच्छ असेल कशावरून?" घरातल्या कोणीतरी आधी जिथे बसून खाल्लंय असंच ठिकाण पहिल्या वेळी निवडा. नवं करून बघायचा हट्ट तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी राखून ठेवा.

जेवण आल्यावर

बरेच जण इथे सुटले म्हणतात. खरं तर पुढच्या वेळचा होकार इथेच ठरतो.

डबा येण्याआधी ताटं, पाणी, चमचे मांडलेले असू द्या. पिशवी आली की यादीशी ताडून बघा, काही राहिलं असेल तर तक्रार तुम्ही करा, आई-बाबांना फोनवर भांडायला लावू नका. गरम पदार्थ खरोखर गरम आहे ना, गार पदार्थ गार आहे ना, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, गार ५ अंशांच्या खाली, आणि शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. कोमट झालेलं मागवलेलं जेवण त्याच मधल्या पट्ट्यात असतं. लगेच खायचं नसेल तर नीट वाफ येईपर्यंत गरम करून घ्या. डब्यावर मायक्रोवेव्हची खूण नसेल तर त्याच डब्यात गरम करू नका, भांड्यात काढा.

उरलेलं टीव्हीसमोर तसंच पडून राहू देऊ नका. दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये, आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी संपवा, तेही पूर्ण गरम करून. रिकामे डबे धुऊन कचऱ्याच्या योग्य डब्यात जाऊ द्या. सकाळी उठल्यावर ओट्यावर तेलकट डबे दिसले तर रात्रीच्या जेवणाची चव कोणाला आठवत नाही.

जेवताना "वा, असं घरी का होत नाही" हे वाक्य गिळा. घासाबरोबर गिळा.

आणि तरीही ‘नाही’ आलं तर

"बरं" म्हणा आणि ताटावर जे आहे ते जेवा. रुसून अर्धं ताट टाकणाऱ्याला पुढचे दोन महिने कोणी दारात उभं करत नाही. तासाभराने, घरातलं वातावरण निवळलेलं असताना, एकच प्रश्न विचारा: "मग कधी चालेल?" तारीख मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निदान कारण मिळतं, आणि पहिल्या पायरीची माहिती तेवढी वाढते. त्याच आठवड्यात पुन्हा विचारू नका.

मागच्या आठवड्यात माझी धाकटी कागद घेऊन आली. नावं, पदार्थ, पॅकिंगचे पैसे, कर, तिचा वाटा, सगळं बरोबर. बेरीजही बरोबर. फक्त दुपारीच मी रात्रीची तयारी करून ठेवली होती आणि ते बघायला ती स्वयंपाकघरात डोकावली नव्हती. मी नाही म्हणालो. ती "बरं" म्हणाली, जेवली, ताट घासलं आणि मग विचारलं, "मग कधी?" तो कागद आता फ्रीजवर लावलाय, वर शनिवारची तारीख आहे.